आपे : एका मधमाशीचा पोन्तेदेरा ते हिंगोली प्रवास

हिंगोली जिल्ह्यात तीनचाकी वाहनाला दोन नावे आहेत. शहरात, बसस्थानकापासून दवाखान्यापर्यंत नेते ती ‘ऑटो’. कळमनुरी, सेनगाव, वसमतकडच्या खेड्यांतून माणसे, हळदीची पोती आणि शेळ्या एकत्र घेऊन येते ती ‘आपे’. गाडीच्या पुढच्या पत्र्यावर इंग्रजीत लिहिलेला तीन अक्षरांचा शब्द शिकलेला माणूस ‘एप’ असा वाचतो. त्याचा इंग्रजीतला अर्थ माकड. वर्तमानपत्रे ‘ॲपे’ छापतात. खेड्यातली, इंग्रजीच्या वाटेला न गेलेली म्हातारी मात्र ‘आपे’ म्हणते आणि उच्चाराच्या बाबतीत तीच बरोबर असते. हा शब्द इटालियन आहे, त्याचा उच्चार ‘आपे’ आणि अर्थ मधमाशी.

या मधमाशीची थोरली बहीण जगभर अधिक प्रसिद्ध आहे. तिचे नाव वेस्पा, म्हणजे गांधीलमाशी. दोघींचे घर एकच, पियाजिओ. आज दुचाकींच्या जगात या घराण्याचा पसारा मोठा आहे. १९२१ साली सुरू झालेली मोटो गुझी आणि व्हेनिसजवळच्या नोआले गावची अप्रिलिया या मोटारसायकलींच्या दोन नामांकित इटालियन कंपन्या २००४ पासून पियाजिओच्याच मालकीच्या आहेत. या घराण्याचा इतिहास लिहिताना बहुतेक जण वेस्पाचा, पर्यायाने रोम-मिलानच्या रस्त्यांचा आणि सिनेमातल्या नायक-नायिकांचा इतिहास लिहितात. त्यात गैर काही नाही. पण या गोष्टीतला निम्मा भाग महाराष्ट्रात घडला आहे. तो पुणे, सातारा, अहमदनगर, वाळूज आणि बारामती असा तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला आहे. ते तुकडे एकमेकांना जोडून पाहावेत, एवढाच या लेखाचा हेतू. मी यंत्रशास्त्र शिकलेलो नाही. रद्दीतून वेचलेली जुनी मासिके, कंपन्यांचे अहवाल आणि गॅरेजातल्या मेस्त्रींशी झालेल्या गप्पा ही माझी शाळा.

बॉम्बखालचा कारखाना

रिनाल्दो पियाजिओ यांनी १८८४ साली जेनोवाजवळच्या सेस्त्री पोनेन्ते इथे काम सुरू केले, ते जहाजांच्या अंतर्भागातले लाकडी काम करून देण्याचे. पुढे रेल्वेचे डबे आले, पहिल्या महायुद्धात विमाने आली. १९२० च्या दशकात कंपनीने टस्कनी प्रांतातल्या पोन्तेदेरा या गावी कारखाना घेतला. रिनाल्दो १९३८ मध्ये वारले आणि कारभार एन्रिको व आर्मान्दो या मुलांकडे आला. दुसऱ्या महायुद्धात पियाजिओने चार इंजिनांची बॉम्बफेकी विमाने बनवली, त्यामुळे पोन्तेदेरा दोस्तांच्या विमानांचे लक्ष्य झाले. बॉम्बवर्षावातून जे वाचले ते माघार घेणाऱ्या जर्मन फौजांनी सुरुंगांनी उडवले.

युद्ध संपले तेव्हा एन्रिकोपुढचा प्रश्न सोपा आणि भयंकर होता. कारखाना पडलेला, विमानांना गिऱ्हाईक नाही, करारांमुळे इटलीच्या विमानउद्योगावर बंधने, आणि दारात कामाची वाट पाहणारे हजारो कामगार. देशातले पूल तुटलेले, रस्ते उखडलेले, मोटार विकत घेण्याची कोणाची ऐपत नाही. लोकांना स्वस्तात हलवणारे काहीतरी हवे होते.

पहिला प्रयत्न बियेला या गावी झाला. यंत्रसामग्री तिकडे हलवलेली होती. तिथल्या अभियंत्यांनी बनवलेल्या गाडीला कामगारांनी ‘पापेरिनो’ असे नाव ठेवले. डोनाल्ड डक या कार्टूनमधल्या बदकाचे ते इटालियन नाव. एन्रिकोला ते बदक आवडले नाही. त्याने काम सोपवले कोर्रादिनो दास्कानियो यांच्याकडे.

दास्कानियो हा माणूस मुळात हेलिकॉप्टरचा. १८९१ साली आब्रुत्सो प्रांतातल्या पोपोली गावी जन्मलेल्या या अभियंत्याने १९३० मध्ये रोमजवळ स्वतःच्या हेलिकॉप्टरने १८ मीटर उंचीचा आणि पावणेनऊ मिनिटे हवेत राहण्याचा विक्रम नोंदवला होता. मोटारसायकल त्याला मनापासून नावडत असे. तिची साखळी कपडे घाण करते, पंक्चर झाले तर चाक काढणे म्हणजे शिक्षा, आणि तिच्यावर घोड्यासारखी टांग टाकून बसावे लागते. नावड इतकी नेमकी असल्यामुळे त्याचे उत्तरही नेमके आले. त्याने इंजिन मागच्या चाकालाच जोडले, म्हणजे साखळी गेली. गियर पायाकडून हँडलवर आणला. पुढचे चाक विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरले, म्हणजे मोटारीच्या चाकासारखे ते चटकन सुटू लागले. वेगळा सांगाडा न ठेवता पत्र्याचे शरीर हाच सांगाडा केला, आणि चालकाच्या पायांपुढे मोकळी सपाट जागा सोडली.

ती सपाट जागा पुढे आपल्याकडे लहान मुलाने उभे राहण्याची झाली. पुढे हँडल धरून उभा मुलगा, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली आई आणि तिच्या मांडीवर धाकटे, हे चौघांचे चित्र ज्यांनी १९७० आणि ८० च्या दशकांत पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. आपले नावडते वाहन सुधारायला बसलेल्या एका विमानवाल्याने नऊवारी-सहावारीची सोय नकळत करून ठेवली होती.

२३ एप्रिल १९४६ रोजी फ्लॉरेन्समध्ये या गाडीचे पेटंट दाखल झाले. इंजिन ९८ सीसीचे, वेग ताशी सुमारे ६० किलोमीटर. बारीक कंबर आणि भुणभुणणारा आवाज यांमुळे एन्रिकोला ती गांधीलमाशीसारखी वाटली आणि तेच नाव पडले. पहिल्या वर्षी अडीच हजारांच्या आसपास गाड्या खपल्या, दुसऱ्या वर्षी दहा हजारांवर. १९५३ साली ‘रोमन हॉलिडे’ चित्रपटात ग्रेगरी पेक आणि ऑड्री हेपबर्न तिच्यावरून रोमभर फिरले. १९५६ मध्ये दहा लाखावी वेस्पा कारखान्याबाहेर आली.

या झगमगाटात १९४८ सालच्या एका साध्या गाडीकडे कमी लक्ष गेले. वेस्पाच्या मागे दोन चाके आणि एक हौदा जोडून ती बनवली होती. चालकाला छत नव्हते, हाती हँडलच होते आणि इंजिन १२५ सीसीचे. भाजीवाले, बेकरीवाले, गवंडी यांच्यासाठीची गाडी. गांधीलमाशी हिंडते आणि मधमाशी राबते, या हिशेबाने तिचे नाव आपे ठेवले गेले.

वर्ध्याचे नाव, पुण्याचे रस्ते

त्याच १९४८ मध्ये वेस्पा हिंदुस्थानात यायला सुरुवात झाली. ती आणली बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने. २९ नोव्हेंबर १९४५ रोजी स्थापन झालेल्या या कंपनीला नाव होते वर्ध्याच्या शेठ बच्छराज यांचे. जमनालाल बजाज यांना त्यांनी नातू म्हणून दत्तक घेतले होते. आमच्या शेजारच्या विदर्भातले वर्धा आणि टस्कनीतले पोन्तेदेरा यांची गाठ अशी पडली. त्या वर्षीच्या १७ सप्टेंबरपर्यंत हिंगोली निजामाच्या राज्यात होती, इथे रझाकारांची दहशत चालू होती आणि गाडी म्हटले की बैलगाडीच.

आपेची कल्पना माणसे वाहण्यासाठी वापरण्याचे श्रेय अहमदनगरच्या नवलमल कुंदनमल फिरोदिया यांना दिले जाते. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेल्या या वकिलाला माणसाने माणसाला ओढण्याची रिक्षा आणि मरतुकड्या घोड्यांचे टांगे खुपत होते. एका व्यापारी मासिकात त्यांनी मालवाहू तीनचाकीचे चित्र पाहिले आणि हिच्यात माणसे बसवता येतील असे त्यांच्या मनात आले, असे सांगतात. मुंबई राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्यापर्यंत त्यांनी हा विषय नेला. १९५० च्या सुमारास पुण्याच्या रस्त्यांवर ऑटोरिक्षा धावू लागल्या. आज ज्या वाहनाशिवाय पुणे, मुंबई किंवा नांदेडची कल्पना करता येत नाही, त्याचे मूळ पियाजिओच्या या मालवाहू मधमाशीत आहे.

१९५९ मध्ये भारत सरकारकडून दुचाकी-तीनचाकी बनवण्याचा परवाना मिळाला. १९६० मध्ये कंपनी सार्वजनिक झाली, तिचे नाव बजाज ऑटो पडले आणि पियाजिओशी झालेल्या कराराने पुण्याजवळच्या आकुर्डीत वेस्पा १५० बनू लागली. महाराष्ट्र राज्यही त्याच वर्षीचे. मुंबईतही एक इटालियन स्पर्धक होता. मिलानच्या इन्नोचेन्तीची लँब्रेटा ‘ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया’ ही कंपनी इथे जोडत आणि बनवत होती. वेस्पा की लँब्रेटा, हा वाद त्या पिढीत चहाच्या टपरीवर रंगत असे.

करार संपतो तेव्हा

आता या गोष्टीतल्या मुख्य वळणावर येतो. १९७१ मध्ये बजाज आणि पियाजिओ यांच्यातल्या कराराची मुदत संपली आणि तो पुढे वाढला नाही. इंदिरा गांधींच्या सरकारचे परकीय तंत्रज्ञानाविषयीचे धोरण तोवर कडक झाले होते. जे शिकायचे ते दहा वर्षांत शिकून झाले, आता त्यासाठी परदेशी कंपनीला पैसे का द्यायचे, असा तो विचार. बजाजने कारखाना बंद केला नाही. तीच यंत्रे, तेच कामगार, जवळपास तीच गाडी; फक्त पुढच्या पत्र्यावरचे नाव बदलले. १९७२ मध्ये आलेल्या गाडीला राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव मिळाले, चेतक. राहुल बजाज यांनी कंपनीची सूत्रे हाती घेऊन तेव्हा चारच वर्षे झाली होती.

त्याच १९७२ मध्ये फिरोदिया घराण्याच्या कायनेटिक कंपनीने अहमदनगरहून लुना आणली. पेडल मारून सुरू होणारी ही ५० सीसीची मोपेड पियाजिओच्याच ‘चाओ’ या गाडीवरून परवान्याने घेतलेली होती. १९७५ मध्ये राज्य सरकारच्या पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाने बजाजच्या भागीदारीत साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्स सुरू केली आणि तिथून प्रिया बाहेर पडू लागली. चेतक, प्रिया, लुना. तिन्ही नावे अस्सल देशी वाटतात आणि तिघींचे कुळ एकच आहे.

पियाजिओला हे रुचणे शक्य नव्हते. बजाजच्या गाड्या परदेशी बाजारात दिसू लागल्या, तेव्हा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पियाजिओने अमेरिका आणि पश्चिम जर्मनी यांसारख्या देशांत पेटंटचे दावे लावले. ज्याला आपण शिकवले तो आता आपल्याच बाजारात आपल्याच आकाराची गाडी विकतो आहे, ही त्यांची तक्रार. आमच्याकडच्या शिक्षकी भाषेत सांगायचे तर वही तपासणाऱ्याला स्वतःचेच अक्षर सापडले होते.

या भांडणात न्याय कोणाच्या बाजूचा, याचे उत्तर मला एका वाक्यात देता येत नाही. दास्कानियोने विमानाच्या चाकावरून स्कूटरचे चाक सुचवून घेतले, ती त्याच्या बुद्धीची कमाई होती आणि तिचे मोल कंपनीला मिळायलाच हवे होते. पण ते मोल दहा वर्षे दिले गेले होते. साचे घडवणे, पत्रा दाबणे, दाते पाडणे हे शिकलेले हात करार संपल्याच्या तारखेला विसरभोळे होत नाहीत. परवान्याला मुदत असते, कसबाला नसते. पुढे देशात मोटारीपासून औषधांपर्यंत अनेक उद्योगांत जो वाद झाला, त्याची ही एक सुरुवातीची तालीम होती.

या वादाला एक गमतीचे शेपूटही आहे. बजाजच्या तीनचाकी इंडोनेशियात गेल्या आणि जाकार्तामध्ये त्या वाहनाचे नावच ‘बाजाय’ पडले. आपल्याकडे जशी आपे, तशी त्यांच्याकडे बाजाय. इटलीतून निघालेली वस्तू वर्ध्याच्या घराण्याचे नाव घेऊन जावा बेटावर उतरली.

रांग आणि यादी

स्वावलंबनाची ही गोष्ट कारखान्याच्या बाजूने ऐकली तर अभिमानाची आहे. गिऱ्हाइकाच्या बाजूने ऐकली तर तिला दुसरा सूर आहे. किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवाना ठरवी. मागणी वाढली म्हणून उत्पादन वाढवता येत नसे. परिणामी स्कूटरसाठी नाव नोंदवून आठ-आठ, दहा-दहा वर्षे थांबावे लागे. परदेशी चलनात पैसे भरणाऱ्याला गाडी लवकर मिळे. ज्याचा नंबर लागला तो गाडी दारात येण्याआधीच जादा पैशांत विकू शकत असे. मुलगा शाळेत असताना नाव नोंदवावे आणि त्याच्या लग्नाच्या सुमारास गाडी यावी, ही त्या काळातली थट्टा नव्हती, व्यवहार होता.

लग्नाचा उल्लेख मुद्दाम केला. आमच्या मराठवाड्यात सोयरिक ठरताना ‘याद्या’ होतात, म्हणजे देण्याघेण्याचे लेखी बोलणे. १९७० नंतर नोकरदार नवऱ्या मुलाच्या यादीत घड्याळ, अंगठी, रेडिओ यांच्या खाली स्कूटर लिहिली जाऊ लागली. दास्कानियोने इटलीतल्या उद्ध्वस्त माणसाला परवडावे म्हणून घडवलेले वाहन इथे मुलीच्या बापाच्या जमिनीवर टाच आणू लागले. मिळायला दुर्मीळ असलेली प्रत्येक वस्तू हुंड्यात लवकर शिरते. चेतक दुर्मीळ होती म्हणून ती यादीत गेली. या गाडीच्या कौतुकाच्या लेखांत हा भाग सहसा नसतो. तो असायला हवा, कारण त्या रांगेची किंमत केवळ रांगेत उभ्या असलेल्यांनी मोजली नाही.

स्कूटर आमच्या भागात प्रथम आली ती तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, कम्पाउंडर, आडते यांच्याकडे. तिरकी करून, पेट्रोल उतरू द्यायचे आणि मग किक मारायची, ही कला त्यांच्यापाशी होती. शेतकरी तिच्याकडे पाहत असे, बसत क्वचितच असे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात दहा इंची चाकांची गाडी रुतायची. गांधीलमाशी पगाराची माशी होती आणि ती डांबरी रस्त्यापाशी थांबत होती.

वाळूज आणि बारामती

५ नोव्हेंबर १९८५ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते तेव्हाच्या औरंगाबादजवळ वाळूजला बजाजच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. मराठवाड्याच्या औद्योगिक इतिहासातली ही मोठी तारीख आहे. वाळूजच्या भोवती सुटे भाग बनवणारे लहान-मोठे कारखाने वाढले. परभणी, नांदेड, बीडकडची आयटीआय झालेली मुले तिकडे गेली. परवान्यांची पकड सैल होत होती, उत्पादन वाढत होते आणि रांग आखडत होती. ‘हमारा बजाज’ ही जाहिरात दूरदर्शनवर घरोघर पोचली तोवर स्कूटर मध्यमवर्गाची झाली होती. थोड्याच वर्षांत तिच्या जागी मोटारसायकल आली. कमी पेट्रोल खाणारी, मोठ्या चाकांची मोटारसायकल खेड्यांतल्या वाटांना जास्त मानवली.

पियाजिओची परतीची वाट आधी कानपूरवरून गेली. १९८० च्या दशकात तिने तिथल्या एलएमएल कंपनीशी भागीदारी केली, ती शतक संपता संपता तुटली. त्याच सुमारास तिने दुसरी जागा निवडली, बारामती. ग्रीव्हज कंपनीबरोबर संयुक्त कंपनी काढून १९९९ मध्ये बारामतीहून आपे बाजारात आली. पुढे पियाजिओने ही कंपनी पूर्णपणे स्वतःकडे घेतली. म्हणजे जी कंपनी पन्नास वर्षांपूर्वी वेस्पा घेऊन मुंबईत उतरली होती, ती या वेळी आली ती मधमाशी घेऊन. वेस्पाला तिने मागे ठेवले.

त्याच १९९९ च्या १ मे रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. योगायोगाला इतिहासात फार किंमत देऊ नये, पण या दोन घटनांचा पुढच्या काळात मेळ बसला. नवा जिल्हा म्हणजे नवे जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा रुग्णालय. पूर्वी वर्षातून दोनदा परभणीला जाणारा माणूस आता महिन्यातून दोनदा हिंगोलीला येऊ लागला. एसटी दिवसातून एक किंवा दोनदा येई, काही गावांना येतच नसे. ही पोकळी जिपांनी आणि आपेने भरून काढली.

आपे इथे का रुजली, याचे माझे उत्तर तिच्या इंजिनात आहे. इटलीतली मूळची आपे पेट्रोलवर चालणारी होती. बारामतीच्या आपेत ग्रीव्हजचे एका सिलिंडरचे डिझेल इंजिन आले. ग्रीव्हजचे अशा लहान इंजिनांचे कारखाने औरंगाबादलाच आहेत, म्हणजे या इटालियन गाडीचे काळीज मराठवाड्यात घडले. एका सिलिंडरचे डिझेल इंजिन आमच्या शेतकऱ्याला नवे नव्हते. विहिरीवर पाणी उपसणारे इंजिन त्याच्या बापाने चालवले होते. त्याचा धडधडाट ओळखीचा, त्याचे दुखणे ओळखीचे. विहिरीवरचे इंजिन दुरुस्त करणाऱ्या गावच्या मेस्त्रीला आपे दुरुस्त करायला वेगळे शिकावे लागले नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गावात यंत्र टिकते ते असेच, तिथे आधीपासून असलेल्या कसबाच्या जोरावर.

हळदीच्या हंगामात हे वाहन पाहावे. वसमत आणि हिंगोलीचे बाजार हळदीसाठी राज्यभर ओळखले जातात. शिजवलेली, वाळवलेली, घोळून चकाकी आणलेली हळद पोत्यांत भरून आपेने बाजारात येते आणि परतताना तीच आपे खताची पोती आणि लग्नाचा बस्ता घेऊन जाते. श्रावणी सोमवारी औंढा नागनाथला, एकादशीला नरसी नामदेवला भाविक तिच्यातून जातात. २०२१-२२ मध्ये एसटी कर्मचाऱ्यांचा संप महिनोन्‌महिने चालला, तेव्हा खेड्यांतले शिक्षण, दवाखाना आणि बाजार खासगी जिपांवर आणि या तीनचाकीवर तगले.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. तिघांसाठी परवानगी असलेल्या गाडीत दहा जण बसतात, दोघे चालकाच्या दोन बाजूंना अर्धे बाहेर. उलटलेल्या आपेच्या बातम्या आम्ही नेहमी वाचतो. त्याचा दोष चालकावर टाकून मोकळे होता येते, पण गाडीच्या हप्त्याचे गणित तीन प्रवाशांत जमत नाही आणि त्या गावाला दुसरे वाहन नाही, ही दोन कारणे त्याच्या मागे उभी असतात. मधमाशीवर लादलेले हे ओझे तिच्या रचनाकाराने योजलेले नव्हते. ते सार्वजनिक वाहतुकीच्या उणिवेचे ओझे आहे.

मधमाशीचे पोळे कुठे?

२०१२ मध्ये बारामतीला वेस्पाचा कारखाना सुरू झाला आणि चार दशकांनी ती आपल्या मूळ नावाने महाराष्ट्रात बनू लागली. या वेळी ती हौशी शहरी गिऱ्हाइकासाठी, महागडी गाडी होती. पुढे अप्रिलियाच्या स्कूटर आल्या. २०२३ मध्ये आलेली अप्रिलियाची आरएस ४५७ ही शर्यतीच्या घराण्यातली मोटारसायकल तर बारामतीत बनून परदेशी जाते. ऊस आणि सहकार यांच्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या तालुक्यातून व्हेनिसजवळच्या कंपनीची गाडी युरोपला रवाना होते, हे १९४८ मध्ये मुंबई बंदरात वेस्पाच्या पेट्या उतरवणाऱ्या हमालाला सांगितले असते तर तो हसला असता.

आणि २०२४ च्या अखेरीस पोन्तेदेराहून बातमी आली की तिथे आपेचे उत्पादन थांबत आहे. युरोपातले प्रदूषणाचे आणि सुरक्षिततेचे नियम आणि आटलेली मागणी यांपुढे ७६ वर्षांची ही गाडी टिकू शकली नाही. इटलीच्या डोंगराळ गावांतून द्राक्षे आणि ऑलिव्ह वाहणाऱ्या आपेबद्दल तिथे हळहळ व्यक्त झाली. पोन्तेदेरात कारखान्याच्या जुन्या इमारतीत २००० सालापासून पियाजिओचे संग्रहालय आहे, तिथे पहिली आपे पाहायला मिळते. चालत्या आपेचे पोळे मात्र आता बारामतीला आहे. मूळ गाव संग्रहालय झाले आणि कारखाना इकडे आला.

एवढ्यात आणखी एक गोष्ट घडली. आपे २०१९ मध्ये विजेवर आली. २०२० मध्ये चेतक विजेवर परतली. २०२४ मध्ये लुना विजेवर परतली. जुन्या इटालियन कुळातली तीन नावे नव्या इंजिनाशिवायच्या गाड्यांना लावण्यात आली आणि तिन्ही महाराष्ट्रातल्या कंपन्यांकडून वा कारखान्यांतून. विजेच्या गाडीत दास्कानियोच्या रचनेतले फारसे काही उरलेले नाही. नाव मात्र सोडवत नाही, कारण त्या नावात तीन पिढ्यांचा विश्वास साठला आहे. पण गावच्या मेस्त्रीचे काय? पाना आणि कान यांच्या जोरावर डिझेल इंजिन ओळखणाऱ्या माणसाला बॅटरीचे झाकण उघडण्याचीही मुभा नसते. आपे इथे रुजली ती कसबाच्या जमिनीत. ती जमीन नव्या गाडीला मिळेल का, की १९७१ च्या आधीसारखे प्रत्येक दुखण्यासाठी पुन्हा दूरच्या कंपनीकडे पाहावे लागेल, हा या इतिहासाने आपल्यापुढे ठेवलेला प्रश्न आहे.

शेवटी एक विनंती. पोन्तेदेराने आपली अर्धी गोष्ट काचेच्या कपाटांत जपली आहे. आपली अर्धी गोष्ट अजून घराघरांत आहे: स्कूटरच्या नोंदणीची पावती, नंबर लागल्याचे पत्र, सोयरिकीच्या यादीचा पिवळा कागद, मेस्त्रीची उधारीची वही, आपेच्या पहिल्या हप्त्याचे बँकेचे पुस्तक. दिवाळीच्या साफसफाईत हे कागद रद्दीवाल्याकडे जातात आणि आमच्यासारखे त्यातले थोडे नशिबाने परत मिळवतात. या वर्षी ते बाहेर काढाल, तेव्हा रद्दीत टाकण्याआधी एकदा वाचून पाहा. तारीख लिहा, गावाचे नाव लिहा, आणि गाडी कोणाच्या पैशांतून आली तेही लिहून ठेवा.